उघड्या कापडावरची कात्री

माझं तोंड बंद कसं ठेवायचं, यावर आमच्या घरात एकदा बैठक बसली होती. मी स्वयंपाकघरात होते, पण भिंत पातळ आणि माझे कान अजून शाबूत. सून म्हणत होती, आईंना त्या दिवशी कुणाकडे तरी पाठवू या. नात म्हणाली, कुणाकडे पाठवणार, आजीला दुसऱ्यांदा बोलावलंय असं एक घर दाखव. त्यावर माझा मुलगा हसला. तो हसला म्हणून मी जागची हलले नाही, नाहीतर तिथल्या तिथे दोघींची खरडपट्टी काढली असती. त्याचं हसणं तेव्हा आमच्याकडे चिमणीसारखं यायचं. जरा कुणी हललं की भुर्रकन उडून जायचं.

विषय टीशर्टांचा होता.

माझा मुलगा पेंटर. भिंतीला रंग फासणारा नव्हे, दुकानांच्या पाट्या रंगवणारा. मी चौथीत शाळा सोडली, अजून अक्षराला अक्षर जोडत वाचते, पण त्याने रंगवलेली पाटी मला एका नजरेत वाचता यायची. मग तो शिडीवरून पडला. उजवा खांदा मोडला. हाडं जुळली, पण त्यांनी आपल्या मनाने जी जागा धरली ती जरा खालीच धरली. हात डोक्याच्या वर जाईना. पाट्यांचं काम तोवर मशीनने खाल्लंच होतं, त्याचं त्याला एवढं नव्हतं. त्याला लागलं ते लोकांचं बघणं. आधी म्हणायचा, लोक विचारतात. लोक विचारणारच, त्यांना दुसरा उद्योग काय. पण त्याने ते मनावर घेतलं आणि घरात बसला. बसला तो बसलाच.

हात मात्र टेबलावर चालत होता. जुन्या कागदांच्या पाठीवर चित्रं काढायचा. स्कूटरच्या सीटवर झोपलेलं मांजर, आणि खाली त्याच्या त्या गोलसर अक्षरात, ‘अजून पाच मिनिटं’. एकच चप्पल, आणि खाली, ‘जोडीदार हरवला आहे’. तारेवर बसलेला कावळा, ‘मी सगळं पाहिलंय’. कावळा बघून मी म्हणाले, हा कावळा आहे की वकील. तर तो म्हणाला, आई, तोच तर विनोद आहे. विनोद समजावून सांगावा लागला तर तो विनोद नव्हे, असं मी म्हणणार होते, पण त्याच्या तोंडून एवढं मोठं वाक्य बऱ्याच काळाने निघालं होतं. म्हणून मी कावळ्याला माफ केलं.

नातीने ते कागद पाहिले आणि तिच्या डोक्यात किडा शिरला. बाबांची चित्रं, आईची शिलाई, आपला स्वतःचा ब्रँड. नाव ठेवलं ‘पाटी’. छातीवर लावायची पाटी. सून कपड्यांच्या कारखान्यात नमुने शिवायची, म्हणजे मोठा माल काढण्याआधी जो पहिला कपडा शिवून बघतात तो. तिच्या हाताला मी कधी नाव ठेवलं नाही. मी नाव ठेवलं नाही अशा वस्तू जगात फार नाहीत, तेव्हा काय ते समजा. तिने पुठ्ठ्याचा फर्मा कापला, त्यावरून टीशर्ट शिवले. छापून आणले. मग नातीने कॅटलॉग करायला घेतला.

फोटो काढायला माणूस पाहिजे. नात म्हणाली, बाबा, तुम्हीच उभे राहा. मला वाटलं आता हा उठून आतल्या खोलीत जाणार. पण तो म्हणाला, चेहरा नको, बाकी घे. आणि जिन्याखालच्या पिवळ्या भिंतीपाशी, दिवसाढवळ्या, येणारे-जाणारे बघत असताना उभा राहिला. मी घरात आले तर सून नळ सोडून उभी. भांडं भरून पाणी वाहत होतं आणि बाईचं लक्षच नाही. मी नळ बंद केला आणि काही बोलले नाही.

कॅटलॉग हातात आला तेव्हा मात्र बोलले. पानामागून पान, मानेपासून खाली माझा मुलगा. म्हणाले, अगं, बापाचं मुंडकं कुठे ठेवलंस. ती म्हणाली, आजी, हल्ली असंच असतं. हल्ली काय वाटेल ते असतं.

तर ती बैठक अशासाठी होती की माल बाजारात न्यायच्या आधी चार लोकांना घरी बोलवायचं, कपडे दाखवायचे, कॅटलॉग दाखवायचा आणि खरं मत विचारायचं. आणि खरं मत हवं म्हणून मला गप्प बसवायचं. आता यात काय तर्क आहे ते देवाला ठाऊक. पण सून रात्रीची भांडी आवरताना माझ्याजवळ आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, “आई, ते दारापर्यंत आलेत. तुमच्या एका शब्दाने परत आत गेले तर मला पुन्हा नाही जमायचं.” तिने हे भांडायच्या सुरात म्हटलं असतं तर मी ऐकलं नसतं. ती भांडली नाही. मी म्हणाले, बरं. धंदा चालो न चालो, तो परत आत जाऊ नये हे मला काय कळत नव्हतं? माझ्याच पोटचा आहे.

त्या दिवशी मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले आणि बिस्किटं खात राहिले. दात रिकामे ठेवले असते तर शब्द निसटला असता.

समोरच्या वहिनी आल्या, वरच्या मजल्यावरचे मास्तर आले, सुनेच्या कारखान्यातल्या दोघी आल्या. माझे एक चुलत दीर आहेत, त्यांना आम्ही मागे होयबा म्हणतो आणि पुढे भावजी. तेही आले. नातीने कॅटलॉग त्यांच्या हातात ठेवला, तो उघडायच्या आत ते म्हणाले, छान, फारच छान. मास्तरांचं म्हणणं पडलं की मांजराच्या जागी एखादा स्वच्छतेचा संदेश टाकता आला असता. वहिनींनी कापड बोटांत चोळून पाहिलं, रंग जातो का विचारलं आणि रंग जात नाही म्हटल्यावर जरा नाराजच झाल्या. कारखान्यातल्या दोघींनी शिलाई उलटी करून बघितली आणि मान डोलावली. सगळे छान म्हणाले. कुणी एकानेही केवढ्याला, असं विचारलं नाही. चहा पाजून मत विचारायचं म्हणजे जेवू घालून मीठ बरोबर आहे ना, असं विचारण्यासारखं. पाहुणा काय सांगणार तुम्हाला.

मुलगा दाराजवळ उभा होता, अंगात मांजराचा टीशर्ट घालून. प्रत्येक छान ऐकून थोडा थोडा ताठ होत होता. सूनही त्याच्याकडेच बघत होती, पाहुण्यांकडे नाही.

सगळ्यांत शेवटी दुकानवाली आली. नातीच्या मैत्रिणीची मावशी. बाजारात तिचं तयार कपड्यांचं दुकान. चष्मा कपाळावर चढवलेला, बोलणं तुकड्या तुकड्याचं. सुनेने चहा पुढे केला तर म्हणाली, चहा नंतर, आधी माल. मला बाई तिथेच आवडली. कॅटलॉग चाळून म्हणाली, या माणसाला डोकं का नाही, डोकं असलं की गिऱ्हाईक थांबतं. मी नातीकडे बघितलं. नुसतं बघितलं, बोलले काही नाही.

मग तिने एक टीशर्ट उचलला, अंगातल्या कपड्यांवरूनच चढवला आणि कपाटाच्या आरशासमोर उभी राहिली. हात वर केला, खाली केला. काढला. दुसरा घातला. मग तिसरा. 

म्हणाली, चित्रं मला हवीत, कापडही बरं आहे, पण कपडा उजव्या खांद्यावर ओढतोय, आणि खालची कड उजवीकडे वर जातेय. एकाचं असतं तर शिलाईची चूक म्हटली असती, सगळ्यांचंच आहे.

“माझ्यावर तर नीट बसतो,” माझा मुलगा म्हणाला.

आणि खरंच बसत होता. ओळंबा सोडल्यासारखा.

दुकानवालीने त्याच्याकडे पाहिलं, मग हातातल्या टीशर्टाकडे. तिला काही कळलं नाही. कळायला ती घरातली थोडीच होती. सुनेचा चेहरा मात्र खडूसारखा झाला. ती म्हणाली, माझीच चूक, फर्मा कापताना हात हलला असेल. नातीने खाली बघितलं. मी बिस्कीट तोंडात धरून ठेवलं होतं, ते गिळवेना.

आता घरातलं सांगते. सगळं जग कपडा कापतं ते कापडाला मधून घडी घालून. अर्धा फर्मा ठेवायचा आणि दोन्ही पदर एकदम कापायचे, म्हणजे डावं-उजवं आपोआप सारखं येतं. आमची सूनही कारखान्यात तसंच कापायची. पण नवऱ्याचे कपडे ती घडी घालून कापत नसे. कापड उघडं पसरायची आणि दोन्ही बाजू वेगवेगळ्या कापायची, उजवा खांदा दोन बोटं खाली. तो शर्ट त्याच्या अंगावर सरळ बसायचा. गळा मधोमध, बटणांची पट्टी सरळ, खालची कड सारखी. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, व्यायामाने फरक पडेल. तो कपाटाच्या आरशात बघायचा आणि म्हणायचा, बघ, पडला फरक. पडला होता खरा, पण हाडात नाही, कापडात. मला ठाऊक होतं. माझ्या घरात सुई पडली तरी मला कळतं, मग हा तर खांदा.

त्या शर्टांच्या जोरावर तो कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊ लागला होता. आणि इतकी वर्षं त्याच एका अंगासाठी कात्री चालवून चालवून तिच्या हाताला तेच वळण पडलं. ब्रँडसाठी बसली तेव्हा तिने अर्ध्याऐवजी अख्खा फर्मा कापला, कापड उघडंच पसरलं, हातही गेला तो ओळखीच्या वाटेने. सगळ्या जगाचे टीशर्ट तिने एका नवऱ्याच्या मापाने कापून ठेवले.

दुकानवाली जाताना म्हणाली, पुढच्या आठवड्यात सुधारून दुकानात घेऊन या, मग बोलू. चहा तिने उभ्याने घेतला आणि कप स्वतः आत नेऊन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर मुलगा फर्मा घेऊन जमिनीवर बसलेला. पेंटरची जात. अक्षर उजवीकडे झुकलं की डावीकडे झुकलं हे तो दोरीने ठरवायचा. तशीच त्याने पुठ्ठ्याच्या मधोमध दोरी मारली होती आणि दोन्हीकडे पट्टी लावून मोजत होता. मोजलं, पुन्हा मोजलं. मग सुनेला हाक मारली. विचारलं, तू कापड घडी घालून का कापत नाहीस. ती म्हणाली, सवय. तो म्हणाला, कारखान्यात तर घडी घालून कापतेस, मग ही सवय कुठली.

तिने माझ्याकडे पाहिलं. ही बाई लग्न होऊन आली तेव्हापासून माझ्या तोंडाला कुलूप शोधतेय. त्या दिवशी तिने डोळ्यांनीच किल्ली माझ्या हातात दिली.

मी म्हणाले, “तुझा खांदा खाली आहे, बाळा. पडलास तेव्हापासून आहे. ती तुझे कपडे त्याला धरून कापते, म्हणून तुला दिसत नाही.”

तो उठून आरशासमोर गेला, शर्ट काढला आणि तसाच उभा राहिला. बनियन विकतचं होतं, त्याने काही झाकलं नाही. आमच्या न्हाणीघरात तोंडाएवढाच आरसा, आणि माणूस आरशात तेवढंच बघतो जेवढं बघायचं असतं. त्या दिवशी त्याने सगळं बघितलं. मग विचारलं, लोकांना दिसत होतं का. मी म्हणाले, ज्यांना दिसायचं त्यांना दिसत होतं, कापड सरळ करता येतं, माणूस नाही. म्हणाला, म्हणजे मीच एकटा आंधळा.

“आंधळा कशाला असशील. बायकोने डोळ्यांवर हात ठेवला होता. इतका वेळ ठेवला की तिचाच हात अवघडला, काढता येईना.”

त्याने शर्ट खुर्चीवर टाकला आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

ते दार लागण्याचा आवाज आमच्या घरात सगळ्यांच्या ओळखीचा होता. नात माझ्यावर उखडली. म्हणाली, आजी, जरा हळू सांगता आलं नसतं का. मी म्हणाले, हळू सांगून हाड वर येणार होतं का.  सून ओट्याला टेकून उभी राहून रडत होती. मी तिला म्हणाले, रडायचं तर बसून रड, उभ्याने पाय भरून येतात. आणि स्टूल सरकवलं. ती बसली. मग मीही तिच्याशेजारी बसले.  दुपारी त्याचं ताट झाकून ठेवलं, ते तसंच राहिलं.

दुपार कलली तसं दार उघडलं. तो थेट मशीनच्या खोलीत गेला. कोऱ्या पुठ्ठ्यावर पेन्सिल फिरल्याचा आवाज येऊ लागला. मी पाण्याचं निमित्त करून डोकावले. त्याने अर्धा फर्मा आखला होता. अर्धाच, मधोमध सरळ रेघ मारून. रेघ त्याची अजून तशीच. कुठे न अडखळलेली, एका दमात मारलेली.

सुनेला म्हणाला, घडी घाल.

तिने कापड पसरलं, तर सवयीने उघडंच पसरलं. मग थांबली, दुमडलं, कडेला कड जुळवली. फर्मा ठेवला, खडूने आखलं, कात्री उचलली आणि नुसती धरून उभी राहिली. जिने आयुष्यभर हजारांनी कपडे कापले ती बाई. कात्री काही पुढे जाईना. एवढं सरळ कापड बिचारीला कापवेना.

तो टेबलाच्या पलीकडे जाऊन उभा राहिला आणि डाव्या हाताने कापडाची कड दाबून धरली. म्हणाला, मी धरतो, तू काप.

“मग तुमचे कपडे?” तिने विचारलं.

“माझे उघडेच काप,” तो म्हणाला. “बाकी जगाचे घडी घालून.”

कात्रीचा आवाज मी माझ्या खुर्चीपर्यंत ऐकला. सरसर, न थांबता. मी पाणी न पिताच परत आले होते, त्याचं कुणाला काही नव्हतं.

नंतर प्रश्न पडला, आधी शिवलेल्या त्या सगळ्या वाकड्या टीशर्टांचं काय. नात म्हणाली, उसवू या. मी म्हणाले, उसवायचं कशाला, धंदा चालेल तेव्हा चालेल, हिच्या नवऱ्याच्या जन्माच्या कपड्यांची सोय तर झाली. सून हसली. डोळे सुजलेले, पण हसली. तो म्हणाला, चप्पल आणि मांजर मला चालतील, कावळे आईला द्या. मी म्हणाले, मला कावळा कशाला, मी आहे की.

फोटोंचा वाद त्याहून मोठा झाला. नातीचं म्हणणं, जुनेच फोटो राहू द्या, कुणाला काय कळतंय. मी म्हणाले, एक दाखवून दुसरं विकायचं याला माझ्या काळी वेगळा शब्द होता. मुलगाही म्हणाला, जो माल विकणार तोच अंगावर पाहिजे. पुन्हा जिन्याखाली उभा राहिला, आता घडी घालून कापलेल्या टीशर्टात. तो अर्थातच उजवीकडे लोंबत होता, खालची कड तिरकी. नात म्हणाली, बाबा, खांदा जरा वर घ्या. त्याने घेतला. तिने फोनमधून बघितलं. मग त्याने सोडून दिला आणि म्हणाला, असाच घे, आणि मान कापू नकोस, दुकानवाली रागावेल.

दुकानात जायचा दिवस आला. सून पिशवी भरून तयार, पण तो म्हणाला, तू नको. तिला वाटलं अजून राग आहे. राग नव्हता. तो म्हणाला, तू आलीस तर तिथे माझ्याकडेच बघत बसशील, आई दुकान बघेल. ते बरोबरच होतं. मला दुकानं बघायला आवडतात. सून दारात उभी राहून आम्ही वळेपर्यंत बघत होती, ते मला पाठीला जाणवत होतं.

रस्त्याने तो घडी घालून कापलेला टीशर्ट घालून, पिशवी डाव्या हातात घेऊन चालला, भिंतीच्या बाजूने. दोन-तीन ओळखीचे भेटले. एकाने विचारलं, किती दिवसांनी, तब्येत कशी. दुसऱ्याने खांद्याकडे पाहिलं आणि मग घाईने रस्त्याकडे पाहिलं. माझा मुलगा चालत राहिला. त्याच्या कानशिलावर घाम आला होता. मी मुद्दाम हळू चालले, म्हातारीमुळे उशीर होतोय असं त्याला दाखवायला मिळावं म्हणून.

दुकान मोठं, उजेड पांढरा, आणि समोरच डोक्यापासून पायापर्यंतचा आरसा. दुकानवालीने टेबल मोकळं करून दिलं. मला एक स्टूल दिलं. आजूबाजूला गिऱ्हाइकं होती, कपडे उलथेपालथे करणारी. कॅटलॉग उघडून तिने फोटो बघितला, मग समोर उभ्या असलेल्या माणसाकडे. चष्मा कपाळावरून नाकावर आला.

म्हणाली, हे काही सुधारलेलं दिसत नाही, उजवी बाजू आधी वर जात होती, आता खाली येतेय.

दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. कोपऱ्यात कपडे घड्या घालणारी मुलगीही थांबली. सगळं दुकान त्याच्या उजव्या खांद्याकडे बघत होतं. इतकी वर्षं ज्याच्या भीतीने तो घरात बसला ते हेच. माझ्या जिभेवर आलं होतं, बाई, तुझा चष्मा पूस आधी. शब्द अगदी ओठांशी आले. पण तो माझ्याकडे बघतच नव्हता. तो आरशाकडेही बघत नव्हता. त्याने पिशवीतून एक टीशर्ट काढला आणि टेबलावर पसरला, मधोमध दुमडला, कडेला कड लावली.

“कपडा सरळ आहे,” तो म्हणाला. “खांदा माझा वाकडा आहे. शिडीवरून पडलो होतो. तुम्ही दुसऱ्या कुणाला घालून बघा.”

आवाज थोडा कापला, पण वाक्य पुरं झालं. बघायला वळलेल्या दोघांपैकी एकजण म्हणाला, माझ्या मेव्हण्याचं असंच झालंय, आणि पुन्हा पायजमे उचकायला लागला. एवढंच. आकाश कोसळलं नाही. मी तर कोसळेल म्हणून वर बघत होते.

दुकानवालीने घड्या घालणाऱ्या मुलीला हाक मारली. तिने टीशर्ट घातला आणि आरशासमोर गोल फिरली. खांद्यावर सुरकुती नाही, कड सारखी. दुकानवालीने तिचा हात वर करायला लावला, खाली करायला लावला, पाठ बघितली. मग म्हणाली, हं. आणि एकदम धंद्याचं बोलायला लागली. मांजर घेते. चप्पल घेते, पण राखाडी रंगात नको, राखाडी इथे पडून राहतो. अक्षर जरा मोठं करा, लांबून वाचता आलं पाहिजे. कावळा नको.

“कावळा का नको?” माझ्या मुलाने विचारलं.

ती म्हणाली, कावळा कोण छातीवर मिरवेल. तो म्हणाला, तुम्ही कावळा बघताय, मी बघणारा बघतोय, जो सगळं बघतो आणि गप्प बसतो असा एक माणूस प्रत्येक गल्लीत असतो, तो घेईल. ती म्हणाली, तो माणूस टीशर्ट घालत नाही. तो म्हणाला, मग त्याचे शेजारी घेतील, त्याला दाखवायला. ती हसली, पण मान हलवलीच. म्हणाली, आणि तो कावळा वकिलासारखा दिसतो.

मी स्टुलावर जरा सरळ बसले. पण बोलले नाही.

माझ्या मुलाने टेबलावरचा एक कागद ओढला, तिचं पेन मागून घेतलं आणि वाकून कावळा पुन्हा काढायला लागला. मान जरा तिरकी, चोच उघडी. ती पलीकडून बोट ठेवत होती, डोळा मोठा करा, नाही, एवढा नको. तो म्हणत होता, थांबा हो, आधी होऊ तर द्या. पाट्यांच्या दिवसांत तो दुकानदारांशी असाच भांडायचा, शिडीवरून, ब्रश दातांत धरून. घड्या घालणारी मुलगी टीशर्ट काढायचा विसरून त्यांच्यात डोकं घालून उभी होती. गल्ल्यावर एक गिऱ्हाईक ताटकळत होतं, त्याच्याकडेही कुणाचं लक्ष नव्हतं.

चालून माझा घसा कोरडा पडला होता. मी पाणी मागितलं. कुणी ऐकलं नाही. पुन्हा मागितलं, जरा मोठ्याने, आणि मोठ्याने म्हणजे माझ्या मोठ्याने. माझा मुलगा मान न वळवता म्हणाला, आई, जरा थांब ना.

कोपऱ्यात माठासारखं एक भांडं दिसत होतं, वर झाकण आणि पेला. मी गुडघ्यावर हात टेकून उठले आणि माझं माझं पाणी घेतलं.